पडद्यावरचा समुद्र खरा कसा वाटेल?

मैत्री आणि धाडसाची समुद्रकथा ॲनिमेशनमधून सांगू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कुणी कागद कापून काम करतं आहे, कुणी मातीच्या बाहुल्या हलवून, कुणी संगणकावर. माध्यमं वेगळी असली तरी अडचण बहुतेकांची एकच दिसते. समुद्र त्याच्या नियमांनी वागत नाही, म्हणून त्यातलं संकट पटत नाही. संकट पटलं नाही की धाडसही पटत नाही.

प्रश्न : पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर चार मिनिटांची फिल्म करते आहे. दोन मित्र होडीतून निघतात, वादळ येतं, एक पाण्यात पडतो आणि दुसरा उडी मारून त्याला वाचवतो. मुलांना गोष्ट आवडली आहे, पण स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉटनुसार काढलेल्या चित्रांच्या आराखड्यावर, मांडली की सपाट वाटते. काय बदलावं?
— एक कलाशिक्षिका

उत्तर : आधी शेवट बदला. ती उडी काढून टाका. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्यालाच घट्ट धरतो आणि दोघंही संकटात सापडतात. म्हणून जलसुरक्षेच्या प्रशिक्षणात क्रम ठरलेला असतो. प्रथम हात किंवा वल्हं पुढे करायचं. ते पोहोचलं नाही तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची. तेही जमलं नाही तर होडी जवळ न्यायची. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, आणि तेही प्रशिक्षित माणसानंच. मुलं पडद्यावर पाहिलेलं करून बघतात, त्यामुळे हा मुद्दा आम्हाला नुसत्या तपशिलाचा वाटत नाही.

गोष्टीच्या दृष्टीनंही उडी कमकुवतच आहे, कारण ती एका सेकंदात संपते. दोर फेकण्यात टप्पे मिळतात. पहिला दोर कमी पडतो, भिजलेला दोर पुन्हा ओढून गोळा करावा लागतो, तेवढ्यात मित्र आणखी लांब जातो, मग दुसरी फेक. दोर माणसाच्या अंगावर नेम धरून फेकत नाहीत; त्याच्या पलीकडे फेकतात, म्हणजे तो खांद्यावरून आडवा पडतो आणि हाताला लागतो. हेच तंत्र फिल्मच्या पहिल्या मिनिटात खेळ म्हणून पेरा. किनाऱ्यावर दोघं खांबावर दोर टाकायची शर्यत लावतात आणि आपल्या नायकाचा दोर दर वेळी अलीकडेच पडतो. मग वादळातल्या दुसऱ्या फेकीकडे प्रेक्षक श्वास रोखून बघतील आणि एकही संवाद लागणार नाही.

मित्राला होडीत घेताना कडेवरून ओढलं तर लहान होडी त्याच बाजूला कलंडते. त्याला मागच्या बाजूनं वर घ्या आणि ओढणाऱ्याला तळाशी बसलेला दाखवा. दोघांच्या अंगावर पहिल्या दृश्यापासून लाइफ जॅकेट असू द्या.

आता भीतीबद्दल. जो घाबरतच नाही त्याचं धाडस दिसत नाही. बघणं, उमगणं, थबकणं आणि मग कृती, हे चार टप्पे वेगवेगळे ठेवा. मुलांच्या कामात तिसरा टप्पा हमखास गळतो. सेकंदाला १२ चित्रं असतील तर थबकण्याला १२ ते १८ चित्रं द्या. त्यात चेहरा जवळजवळ स्थिर आणि फक्त बोटं दोरावर आवळलेली. डोळे विस्फारून तोंड उघडं ठेवण्यापेक्षा हे जास्त बोलतं. मैत्रीचंही तसंच आहे. वादळाआधी दोघांचं भांडण झालं असेल तर ‘मला माफ कर’ हे वाक्य लिहू नका. आधी ज्या वस्तूवरून भांडण झालं ती वस्तूच दोराच्या टोकाला वजन म्हणून बांधायला लावा.

लांबीकडेही बघा. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, म्हणजे २,८८० चित्रं. पाच सेकंदांचा एक शॉट धरला तर ४८ शॉट. अडीच मिनिटांत हेच १,८०० चित्रं आणि ३० शॉट होतात. मुलांचा उत्साह शेवटच्या शॉटपर्यंत टिकायला हवा, म्हणून आम्ही अडीच मिनिटंच सुचवू. काम सुरू करण्याआधी स्टोरीबोर्डच्या चित्रांचे फोटो काढा, प्रत्येक चित्र ठरलेल्या वेळेइतकं पडद्यावर ठेवा आणि मुलांनी वाचलेले संवाद त्यावर चढवा. या ॲनिमॅटिकमध्ये जो भाग रेंगाळतो तो पुढे सुंदर चित्रांनीही सुटत नाही.

प्रश्न : कागदी पट्ट्यांच्या लाटा करून आम्ही त्या डावी-उजवीकडे सरकवतो आणि मोबाइलनं सेकंदाला १२ फोटो या हिशेबानं टिपतो. लाटा जेलीसारख्या थरथरतात आणि होडी खेळण्यातली वाटते.
— एक पालक

उत्तर : पट्टी पुढे-मागे सरकवणं हेच थरथरण्याचं कारण. लाटेचा आकार एकाच दिशेनं पुढे जातो. पाणी मात्र पुढे जात नाही, ते जवळपास जागच्या जागी वर्तुळात फिरतं. तरंगणारी वस्तू शेंड्यावर असताना लाटेबरोबर थोडी पुढे जाते आणि खळग्यात असताना तेवढीच मागे येते. म्हणजे पट्टीला एकाच दिशेनं चालवायचं आणि होडीला वर्तुळात फिरवायचं.

मापं अशी धरा. होडीच्या पट्टीवर दोन शेंड्यांमधलं अंतर १८ सेंमी, खळग्यापासून शेंड्यापर्यंत उंची २ सेंमी. दर फोटोला पट्टी ५ मिमी सरकवा. ३६ फोटोंत, म्हणजे ३ सेकंदांत, एक पूर्ण लाट पुढे जाते. मग पट्टी उचलून मूळ जागी ठेवा, जोड दिसणार नाही. यासाठी पट्टी चौकटीच्या रुंदीपेक्षा किमान १८ सेंमी लांब हवी. दोन-चार सेंमी जास्तच ठेवा, नाहीतर एका टोकाला कड दिसते. पट्टीच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर दर ५ मिमीला पेन्सिलची खूण करा आणि टेबलावर एक पक्का बाण चिकटवा. नुसत्या अंदाजानं सरकवलं की एक पाऊल ४ मिमीचं, पुढचं ७ मिमीचं होतं. आपला डोळा हे लगेच पकडतो.

होडीसाठी पुठ्ठ्यावर २ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढून त्यावर १०-१० अंशांवर ३६ खुणा करा. लाट उजवीकडे जात असेल तर होडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते, डावीकडे जात असेल तर उलट. लाटेचा शेंडा होडीखाली आला की होडी सर्वांत वर. कलण्याचा नियमही सोपा आहे. शेंड्यावर आणि खळग्यात होडी सपाट असते, उतारावर सर्वांत जास्त कलते. बरेच जण नेमकं उलट करतात, शेंड्यावर होडीचं नाक आकाशात नेतात, आणि मग होडी पाण्यावर बसलेली वाटतच नाही.

मागची पट्टी वेगळ्या चालीची करा. शेंड्यांमधलं अंतर ९ सेंमी, दर फोटोला ३ मिमी, म्हणजे ३० फोटोंत एक लाट. ३६ आणि ३० ची ही जोडी १८० फोटोंनंतरच पुन्हा जुळते, त्यामुळे १५ सेकंद एकच दृश्य पुन्हा आल्यासारखं वाटत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच चालीनं चालवल्या तर समुद्राऐवजी यंत्र दिसतं.

आता खेळण्यातल्या होडीचं कोडं. खोल समुद्रात लाटेची लांबी आणि तिचा वेळ यांचं नातं ठरलेलं असतं. सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ नं गुणलं की लांबी मीटरमध्ये मिळते. ३ सेकंदांची लाट सुमारे १४ मीटर लांब असते, ५ सेकंदांची ३९ मीटर, ८ सेकंदांची १०० मीटर. तुमच्या टेबलावर १८ सेंमी म्हणजे १४ मीटर झाले. दोन मुलांची साडेचार मीटरची होडी त्या हिशेबात ६ सेंमीच्या आसपास यायला हवी. १५ सेंमीची होडी ठेवली तर ती जवळपास १२ मीटरची होते. आणि दोन मुलं बसलेली बघून प्रेक्षकानं तिला लहानच मानलं, तर भोवतीच्या लाटा त्याच्या दृष्टीनं पाच-साडेपाच मीटरच्या उरतात. म्हणजे वादळाचं पाणी डबक्याचं होतं.

लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या भागापलीकडे गेली की ती फुटते. १८ सेंमीला ही मर्यादा साधारण अडीच सेंमी. त्याहून उंच लाट दाखवायची असेल तर तिचा शेंडा फुटलेला, पांढरा फेस पुढे ओघळणारा काढा.

शिंतोड्यांनाही मापाचंच भान हवं. पाणी ५ मीटर उंच उडायचं असेल तर वर जायला १ सेकंद आणि खाली यायला १ सेकंद लागतो, म्हणजे १२ आणि १२ फोटो. १ मीटरला प्रत्येकी ५-६ फोटो, २० मीटरला प्रत्येकी २४. वर जाताना निम्म्या वेळात तीन चतुर्थांश उंची गाठली जाते, मग वेग मंदावतो. त्यामुळे ५ मीटरच्या उसळीत पहिल्या ६ फोटोंत पाणी पावणेचार मीटरवर पोहोचलेलं असेल आणि उरलेल्या ६ फोटोंत फक्त सव्वा मीटर चढेल. प्रचंड लाट आदळल्यावर पाणी अर्ध्या सेकंदात खाली आलं, की ती लाट प्रचंड राहत नाही.

प्रश्न : मोबाइलवर टिपलेल्या आमच्या फिल्ममध्ये समुद्र मध्येच उजळतो, मध्येच काळवंडतो. वादळात ठीक वाटतं, पण शांत दृश्यातही तेच होतं.

उत्तर : मोबाइल दर फोटोला प्रकाश नव्यानं मोजतो आहे. मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ, शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स या चारही गोष्टी लॉक करा. शटर १/१० सेकंद ठेवलं तर दिव्यांची लुकलुकही फोटोत उतरत नाही. मोबाइल अर्थातच स्टँडवर हवा आणि बटण हातानं न दाबता टायमरनं किंवा रिमोटनं. खिडकी पूर्ण झाका, कारण ढग आला-गेला तरी चित्र बदलतं. पाण्यासाठी चकचकीत कागद किंवा सेलोफेन वापरत असाल तर फोटो काढणाऱ्यांनी गडद कपडे घालावेत आणि दर फोटोला एकाच जागी उभं राहावं, नाहीतर त्यांचीच सावली समुद्रावर हलते. मातीच्या बाहुलीवर ओलेपणा दाखवायला पाणी शिंपडू नका, ते वाळत जातं. ग्लिसरीनचे थेंब टिकतात.

प्रश्न : वादळात होडी कशी हाताळतात? नायिका हुशार खलाशी आहे, त्यामुळे तिनं चुकीचं काही करायला नको.
— पटकथा लिहिणारी एक वाचक

उत्तर : प्रत्येक दृश्याच्या आराखड्यावर वाऱ्याचा एक आणि लाटांचा एक बाण काढून ठेवा. निशाण, शीड, केस, पावसाच्या तिरक्या रेघा, सगळं त्या एकाच वाऱ्याला बांधील राहील. शीड उजवीकडे फुगलेलं आणि डोलकाठीवरचं निशाण डावीकडे फडफडणारं ही चूक फार दिसते. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून ती नागमोडी पुढे सरकते. नायिकेला वारा जिकडून येतो त्या दिशेचं बेट गाठायचं असेल तर हा वळणावळणाचा प्रवास स्वतःच एक छान दृश्य आहे.

वादळात शीड आधी आखडतात, मग उतरवतात. उभारलेल्या शिडानं वादळाला तोंड देणं शूर दिसतं, पण डोलकाठी त्यातच मोडते. सर्वांत मोठा धोका म्हणजे होडी लाटेला आडवी होणं, कारण तेव्हा ती उलटते. म्हणून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे ठेवायची. त्यासाठी नाळेला लांब दोर बांधून त्याच्या टोकाला बादली किंवा कापडी पिशवी पाण्यात सोडतात. तिच्या ओढीनं होडीचं तोंड लाटेकडे वळलेलं राहतं. इथे दोघांनाही खरं काम मिळतं, एक हा दोर सांभाळतो आणि दुसरी पाणी उपसते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे चित्रकाराला मुद्दाम सांगून ठेवा.

होडी उलटलीच तर तिला सोडून पोहत निघायचं नाही. उलटलेली लाकडी होडी बहुधा तरंगत राहते आणि शोधणाऱ्यांना दोन डोक्यांपेक्षा ती लवकर दिसते. रात्रीच्या दृश्यात मोठं जहाज येत असेल तर त्याच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर जहाज थेट आपल्याच रोखानं येतं आहे. नायिकेला हे कळतं आणि तिच्या मित्राला कळत नाही, एवढ्यावरही एक प्रसंग उभा राहू शकेल.

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओशन मॉडिफायर, म्हणजे समुद्र तयार करणारी सोय, लावली. समुद्र दिसतो, पण गोठलेला. की-फ्रेम (ठरावीक क्षणी नोंदवलेला आकडा) दिल्यावर हलायला लागला, तर सुरुवातीला हळू, मध्ये जोरात आणि शेवटी पुन्हा हळू. शिवाय होडीच्या आत पाणी दिसतं.
— ॲनिमेशन शिकणारा विद्यार्थी

उत्तर : ओशन मॉडिफायरमधला टाइम हा आकडा आपोआप वाढत नाही, त्यामुळे समुद्र गोठलेला होता. की-फ्रेम दिल्यावर दोन्ही टोकांना वेग मंदावतो, कारण दोन की-फ्रेममधली हालचाल भरण्याची ब्लेंडरची मूळ पद्धत (इंटरपोलेशन) बेझियर, म्हणजे वक्र, असते. ग्राफ एडिटरमध्ये दोन्ही की निवडून ‘टी’ दाबा आणि लिनियर, म्हणजे एकसारख्या वेगाची, करा. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर पहिल्या फ्रेमला ० आणि २४१ व्या फ्रेमला १० इथून सुरुवात करा, मग डोळ्यांना पटेल तसा वेग बदला.

दृश्य एक युनिट म्हणजे एक मीटर याच मापात बांधा. होडी चाळीस मीटरची करून नंतर समुद्र खेचून मोठा केला तर लाटांच्या वेळेचं गणित पुन्हा बिघडतं. चॉपिनेस (लाटांचा टोकदारपणा) हा आकडा वाढवला की शेंडे टोकदार होतात, पण फार वाढवला तर पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो आणि तिथे काळे डाग दिसतात. तसं झालं तर तो आकडा लगेच कमी करा. क्षितिजापर्यंत समुद्र हवा म्हणून तोच तुकडा अनेकदा जोडला की उंचावरच्या शॉटमध्ये नक्षी दिसू लागते. कॅमेरा पाण्याजवळ ठेवा आणि दूरवर धुकं घाला. व्ह्यूपोर्ट (कामाचा पडदा) आणि रेंडर (अंतिम चित्र) या दोन्हींचं रिझोल्युशन सारखं ठेवा, नाहीतर कामाच्या पडद्यावर नीट बसलेली होडी रेंडरमध्ये बुडालेली निघू शकते.

होडी तरंगवायला तिच्या जागी एक एम्प्टी, म्हणजे रेंडरमध्ये न दिसणारी खूण, ठेवा आणि त्याला समुद्राच्या पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारा, समुद्रावर प्रोजेक्ट होणारा श्रिंकरॅप कन्स्ट्रेंट द्या. त्याची हालचाल बेक करून, म्हणजे की-फ्रेममध्ये उतरवून, वक्र थोडे गुळगुळीत करा, मग होडी त्याला जोडा. जड होडी छोट्या लाटेला दाद देत नाही, म्हणून वक्रातले बारीक झटके काढून टाकणंच बरोबर. आतल्या पाण्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे होडीचा आतला तळ पाण्याच्या पातळीहून वर घेणं आणि अगदी वरून शॉट न लावणं. वरचा शॉट टाळताच येत नसेल तर होडी आणि समुद्र वेगळे रेंडर करून मास्कनं, म्हणजे नको तो भाग झाकून, जोडा.

प्रश्न : पाण्याखालचं दृश्य निळं केलं तरी खोल वाटत नाही.

उत्तर : सगळ्यावर सारखा निळा चढवल्यानं असं होतं. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषतं, मग नारिंगी आणि पिवळा. निळा सर्वांत खोलवर पोहोचतो. मित्राचा लाल सदरा पृष्ठभागाजवळ लाल, दहा मीटरवर मातकट आणि आणखी खाली जवळजवळ काळा करा. टॉर्च जवळ आला की तो पुन्हा लाल होऊ द्या, कारण तो प्रकाश फार पाण्यातून आलेला नसतो. अंतरानुसार कडा पुसट करत जा. केस आणि कपडे शरीराच्या हालचालीमागून ४-६ फ्रेमनी यावेत आणि शरीर थांबल्यावरही थोडे पुढे वाहावेत.

प्रश्न : वादळाच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत. वादळ कमी केलं तर दृश्याचा जीव जातो.

उत्तर : संवाद आधी रेकॉर्ड करा आणि मगच चित्रं काढा. शांत खोलीत बसून म्हटलेलं वाक्य नंतर मोठं केलं तरी ते शांत खोलीतलंच राहतं. मुलांना उभं करा आणि दूरच्या माणसाला हाक मारायला लावा. माइक ओरडताना एक हात लांब, एरवी वीतभर. रेकॉर्डरचा काटा उणे १२ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

वादळ आवाजाच्या तीन वेगळ्या पट्ट्यांवर (ट्रॅकवर) ठेवा. एकावर लाटांची खोल घरघर, एकावर वाऱ्याचा सूं-सूं आणि एकावर जवळचे आवाज, म्हणजे शिडाची फडफड, लाकडाची करकर, उपसलेल्या पाण्याचा सपका. संवादाच्या वेळी फक्त वाऱ्याची पट्टी खाली करा. वाऱ्याचा आवाज बोलण्याच्याच स्वरपट्टीत येतो, त्यामुळे तोच शब्द गिळतो. घरघर चालू राहिली तर प्रेक्षकाला वादळ ओसरल्यासारखं वाटणार नाही. ओलं जाड कापड झटकलं की शीड मिळतं, जुनी लाकडी खुर्ची हळूहळू कलती केली की होडी करकरते. वीज चमकल्यावर गडगडाट दर किलोमीटरला ३ सेकंद उशिरा येऊ द्या. हे अंतर प्रत्येक विजेला कमी करत नेलं तर वादळ जवळ येतंय हे कुणी बोलून दाखवायला नको.

ओठांसाठी सात-आठ आकार पुरतात. प, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, आणि ते आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी. सेकंदाला १२ चित्रं असतील तर मिटलेल्या ओठांचं चित्र कधीही गाळू नका. बाकीचे स्वर थोडे ढिले चालतात, पण ‘मामा’ म्हणताना उघडे राहिलेले ओठ चार वर्षांच्या मुलालाही खटकतात.

प्रश्न : फिल्म पूर्ण झाली की बालवाडीतल्या मुलांनाही दाखवायची आहे. ती घाबरतील का?

उत्तर : त्या वयात लाटेपेक्षा अचानक आलेला मोठा आवाज, अंधार आणि आपलं माणूस दिसेनासं होणं याची भीती जास्त वाटते. मित्र पाण्याखाली गेल्यापासून पुन्हा दिसेपर्यंतचा वेळ मोजा. मोठ्या मुलांसाठी १५ सेकंद चालतील, या मुलांसाठी ५ सेकंदांवर आणा किंवा मध्ये त्याचा हात एकदा तरी दाखवा. खोलीत पूर्ण अंधार करू नका, आवाज निम्म्यावर ठेवा, आणि दोघंही सुखरूप परत येतात हे आधीच सांगून टाका. शेवट माहीत असल्यानं त्यांची मजा कमी होत नाही. या वयाची मुलं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतातच. एखादं मूल उठून दाराकडे गेलं तर त्याला जाऊ द्या आणि एक मोठं माणूस बरोबर पाठवा.